वर्षभर टिकेल अशी काच

काका रांगोळी चावून बघायचे. चिमूटभर पूड पुढच्या दोन दातांत धरायची, डोळे मिटायचे, जबडा अगदी हळू हलवायचा आणि मग डावीकडे थुंकून निकाल द्यायचा, "कचकचते. परत चाळा." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस भुकेला तरी आहे किंवा वेडा तरी. पुढे तीन वर्षं त्यांच्याशी भांडल्यावर एवढं कळलं की भुकेले ते कधीच नव्हते.

काकांचं गाव जूचंद्र. नायगाव स्टेशनाच्या पूर्वेला मिठागरं मागे टाकून गेलं की लागतं. रांगोळीसाठी हे गाव सगळ्या वसईत प्रसिद्ध, आणि ती दारातली ठिपक्यांची रांगोळी नव्हे. दिवाळीत तिथे हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं आणि जमिनीवर आठ-आठ फुटांची माणसं काढलेली असायची, सुरकुत्यांसकट. लांबून आलेले लोक फोटो समजून बोट लावायला जायचे आणि ओरडा खायचे. गावात ज्याचं त्याचं काम वाटून घेतल्यासारखं होतं. एकजण निऱ्या चांगल्या काढायचा, दुसरा पांढऱ्या दाढ्या. काकांकडे काच होती. कंदिलाची काच, पाण्याचा पेला आणि मुख्य म्हणजे चष्मा. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची पूड. तिच्यातून आरपार दिसतंय असं भासवणं हे खायचं काम नव्हे. कोणाच्याही चित्रातल्या माणसाला चष्मा असला की बाकी चेहरा पुरा व्हायचा आणि मग काकांना बोलावणं जायचं. काका यायचे, हात धुवायचे, चार तास उकिडवे बसायचे आणि कोणाशी न बोलता निघून जायचे. मागे चष्मा उरायचा.

रांगोळीवर वाकून बसलं की श्वास समोर सोडून चालत नाही, पूड उडते. म्हणून काका तो डावीकडे सोडायचे. सवय इतकी हाडात भिनली होती की चहा पितानाही वाक्य संपलं की त्यांची मान डावीकडे वळायची. हसायचेही तिकडेच. त्यांच्या डाव्या बाजूला बसलं की आपल्यालाच हसताहेत असं वाटायचं. पुष्कळदा ते खरंही असायचं.

कपडे कायम पांढरेशुभ्र. रंगांत काम करणाऱ्या माणसाने पांढरं घालावं हे मला विचित्र वाटे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कपड्यावर रंग दिसला की समजायचं, चित्रात पडायचा तो इथं पडला."

पोटासाठी मात्र ते गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवायचे. गावाच्या तोंडाशी, रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. मग कॉम्प्युटरवर कापलेले रेडियमचे आकडे आले आणि ब्रशने काढलेला आठ कोणाला नकोसा झाला. दुसरा कोणी असता तर त्याने शेडमध्ये पानाचा ठेला टाकला असता. काकांनी गाड्यांच्या पिवळ्या पडलेल्या हेडलाइटी घासायला घेतल्या. त्यांना आम्ही सगळे काच म्हणायचो, पण असतं ते प्लास्टिक. चार-पाच वर्षं उन्हात काढली की पिवळं पडतं, वर धुरकट थर धरतो आणि आत कितीही मोठा बल्ब घाला, उजेड काही बाहेर येत नाही.

माझी गाठ पडली ती याच कामासाठी. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला आम्ही कणकवलीकडची माणसं नायगाव पूर्वेला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. नवरा सकाळी मुंबईला ऑफिसात जायचा तो रात्रीच दिसायचा. मी एक जुनी सात सीटची गाडी घेतली आणि मुलांना शाळेत पोचवायचं काम सुरू केलं. बाई गाडी चालवते म्हणून आधी आया घाबरल्या, मग बाईच चालवते म्हणून निर्धास्त झाल्या. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत गाडीचं पासिंग असायचं, तेव्हा ठाण्याला आरटीओत जावं लागे. आदल्या वर्षी तिथल्या साहेबांनी दिव्यांवर बोट वाजवून सांगितलं होतं, "पुढच्या वेळेला हे असं चालणार नाही."

मला कोणीतरी टूथपेस्ट लावून घासायला सांगितलं होतं. मी घासली. दिवे तीन आठवडे चकाकले आणि गाडीला पुदिन्याचा वास येऊ लागला. मग पुन्हा जैसे थे. तशीच गाडी घेऊन मी काकांच्या शेडपुढे उभी राहिले. ते दिव्यापाशी वाकले आणि त्यांनी चक्क वास घेतला.

"पेस्ट लावलीस?"

पहिल्याच भेटीत अगं-तुगं. मी म्हटलं, "लावली."

"दात गाडीला हायेत का तुला?" मान डावीकडे वळली. "संध्याकाळी ये, बाय. घाई असेल तर पेस्टच बरी."

मी हटून तिथेच बसले. गाडी अशी कोणाच्या ताब्यात देऊन जाणाऱ्यातली मी नव्हे. काकांनी बादलीत पाणी घेतलं, पाणीपेपरचा, म्हणजे ओला करून वापरायच्या घासकागदाचा, तुकडा भिजवला आणि दिवा घासायला लागले. पाच मिनिटांत पिवळा दिवा पार दुधासारखा पांढरा झाला. आधी निदान आतला बल्ब दिसत होता, आता तोही दिसेना. मी ओरडलेच, की हे काय करून ठेवलंत.

"आदी सगळं सारखं खराब करायचं," काका शांतपणे म्हणाले, "मग ते सारखं बरं होतं. आता कुठं जास्त खराब, कुठं कमी. तसं बरं करता येत नाय."

पेपर बदलत गेले, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक. पेपरच्या पाठीवर नंबर छापलेला असतो, पण काकांचा नंबरावर विश्वास नव्हता. ते कोपरा दाताखाली धरून बघत. शेवटी त्यांनी आपलं खास औषध काढलं. जुन्या मलमलीच्या धोतरातून तीनदा चाळलेली पांढरी रांगोळी, खोबरेल तेलात कालवलेली. ती लावण्याआधी त्यांनी कोमट पाण्याने हात धुतले, मला हात लावून बघायचा होता म्हणून माझ्या बांगड्या आणि अंगठी काढायला लावल्या आणि पुढचा तासभर एक शब्द बोलले नाहीत. बोटांनी नुसते बारीक गोल गोल फिरवत होते. दुधाळ रंग विरत विरत नाहीसा झाला. आतला बल्ब दिसला, त्याची तार दिसली, बल्बमागच्या आरशात माझं तोंडही दिसलं. ते उघडं होतं.

एव्हाना माझ्या गाडीतल्या मुलांच्या तीन आया बाजारातून येता येता थांबल्या होत्या. त्यांच्यादेखत काका म्हणाले, "दिवाळी ते दिवाळी. पुढच्या पासिंगपर्यंत हिकडं बगायला नको."

पासिंग झालं. आणि फेब्रुवारी संपता संपता दिव्यांवर पुन्हा पिवळसर झाक आली.

मी गेले, काकांनी पुन्हा घासून दिलं. त्याचे पैसे काही घेतले नाहीत, पण चुकलं असंही म्हणाले नाहीत. "पूड जाड राहिली असेल," म्हणाले आणि धोतराची घडी चौपदरी केली. एप्रिलमध्ये पुन्हा तेच. त्या वेळी धोतर आठपदरी झालं. त्यांची पक्की समजूत होती की घासणं जितकं बारीक, तितकी काच टिकणार; टिकत नाही याचा अर्थ आपला हात अजून जाड आहे. मग शाळांना सुट्टी लागली, गाडी बिल्डिंगखाली सबंध मे महिना उन्हात उभी राहिली, आणि मी गावाला गेले.

जूनमध्ये शाळा उघडल्या. दुसऱ्याच आठवड्यात एका सकाळी साडेसहाला आभाळ इतकं भरून आलं होतं की दिवस उजाडलाच नव्हता. पाऊस आडवा-तिडवा. गाडीत नऊ मुलं. मिठागरांच्या मधल्या रस्त्यावर मी दिवे लावले होते, पण ते लागले आहेत हे मला माहीत होतं एवढंच, रस्त्याला त्याची काही खबर नव्हती. एक बाई डोक्यावर भाजीची पाटी आणि त्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन स्टेशनकडे चालली होती. मला ती दिसली तेव्हा गाडीच्या नाकासमोर होती. मी सगळं बळ लावून ब्रेक दाबला. बंपर तिच्या लुगड्याला टेकून थांबला. पाटी खाली गेली आणि भेंडी चिखलात पसरली.

तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग दिव्यांकडे, मग माझ्याकडे. "दिवे लावलेस का उदबत्त्या?" ती म्हणाली.

मी खाली उतरून भेंडी गोळा केली. एकेक पुसून पाटीत टाकली. मागे नऊ मुलं चिडीचूप. एरवी त्यांना गप्प करायला मला घसा फोडावा लागायचा. त्या दिवशी त्यांची ती शांतता मला ऐकवत नव्हती.

मुलांना शाळेत सोडलं आणि तडक शेड गाठली. काका एका मोटरसायकलची प्लेट रंगवत होते. मी दारातूनच सुरू केलं. "तुमची दिवाळी जूनमध्येच संपली, काका. नऊ मुलं होती गाडीत. दिवाळी ते दिवाळी म्हणे." आणखीही बरंच बोलले, वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. पुढे त्याची लाज वाटली, पण त्या क्षणी नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "किती अंतरावर थांबली?"

"अंतर नव्हतंच. लुगड्याला लागली."

"बाईला लागलं?"

"नाही."

"पोरांना?"

"नाही."

त्यांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतला, फडक्याला पुसला, डब्यात उभा ठेवला. मग भर पावसात बाहेर येऊन दिव्यावर तळवा ठेवून उभे राहिले. पांढरा सदरा अंगाला चिकटला. "मी बोललो व्हतो," म्हणाले, "तीन आयांसमोर." त्या वेळी मान डावीकडे वळली नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी रांगोळीच्या मंडळाला जाऊन सांगितलं, "माझ्या हातची काच दिवाळी ते दिवाळी टिकल्याबिगर मी चष्मा काढनार नाय. कोनाचाच नाय."

हे ऐकून मंडळ हादरलं, त्याला कारण होतं. गावच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर त्याच मे महिन्यात वारले होते. निम्म्या गावाच्या बोटांना रांगोळी त्यांनीच शिकवली होती, काकांनाही. येत्या दिवाळीला मास्तरांचंच चित्र काढायचं हे कधीच ठरलं होतं. आणि मास्तरांचा चष्मा म्हणजे जाड काळी चौकट, आत बाटलीच्या बुडासारखी भिंगं. त्याच्याशिवाय मास्तर कोणी पाहिलेच नव्हते. मंडळातल्या लोकांनी काकांना समजावलं, रागावले, शेवटी माझ्याकडे आले, की तुमच्या दिव्यांपायी हे झालंय, तुम्हीच काहीतरी करा.

मग मीही इरेला पेटले. वसईच्या एका गॅरेजमधल्या पेंटरला गाडी दाखवली. तो पोरगेला माणूस दिव्यावर नख फिरवून म्हणाला, "मॅडम, कंपनीचा कोट असतो ना वरती, तो तुमचे काका घासून काढतात. मग उघडं प्लास्टिक उन्हात कितना टिकेगा? वरून क्लिअर मारायला पाहिजे. लॅकर." म्हणजे काकांचा हात जितका चांगला चालत होता, तितकी काच जास्त उघडी पडत होती.

मी आनंदाने उड्या मारत शेडवर गेले. काकांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी काहीतरी अभद्र बोलले.

"वरून चिकट मारायचं?"

"चिकट नाही हो. लॅकर. वाळलं की काचेसारखं होतं."

"आपल्यात चिकट लावत नायत."

'आपल्यात' म्हणजे रांगोळीत. रांगोळी जमिनीवर नुसती ठेवायची असते, तिला धरून ठेवायचं नसतं. बोटांनी सोडली आणि पडली तिथे राहिली, तर ती रांगोळी. कितीतरी वर्षांपूर्वी मंडळातल्या एकाने वाऱ्याने चित्र बिघडू नये म्हणून डिंकाचं पाणी फवारलं होतं. काका त्या माणसाच्या मुलाच्या लग्नालाही गेले नाहीत. आणि इथे मी त्यांना फवाऱ्याचा डबा दाखवत होते.

"काका, ही रांगोळी नाही. गाडी आहे."

"हात तोच हाय ना."

मी चिडले. म्हटलं, "तुमची तीनदा चाळलेली पूड आणि टूथपेस्ट यांत तरी काय फरक आहे? दोन्हीत दगडाचीच भुकटी. दोन्ही उघडंच टाकतात." हे त्यांना फार लागलं. दोन दिवस त्यांनी माझी गाडी शेडवरून जाताना पाहिलीच नाही. तिसऱ्या दिवशी मी आचोळ्याच्या भंगारवाल्याकडून एकाच गाडीची दिव्यांची जोडी आणली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, दोन्ही तुम्हीच घासा. डावी काच उघडी राहू द्या, उजवीवर पेंटर लॅकर मारेल. काय ते ऊन ठरवेल.

उन्हाला पंच नेमलेलं त्यांना पटलं. त्यांनी दोन्ही दिवे सारख्याच मन लावून घासले, हे मी शपथेवर सांगेन. उघड्याला उलट थोडं जास्तच. मग शेडच्या पत्र्याबाहेर, दक्षिणेला तोंड करून दोन्ही फळीवर ठोकले आणि खाली ब्रशने लिहिलं, डावी, उजवी.

तेव्हापासून रोज शाळेतून परतताना काका माझी गाडी अडवायचे. "पोरांनो, कुटची चांगली?" विचारायचे फक्त पहिलीतल्या मुलांना. मोठी पोरं तोंड बघून बोलतात, असं त्यांचं म्हणणं. पावसाळाभर मुलं म्हणत राहिली, दोन्ही सारख्या. गणपतीनंतर एकेक मत उजवीला पडायला लागलं. काका मान हलवायचे आणि जवळ जाऊन डावीवर फडकं फिरवायचे. दसऱ्यानंतरच्या उन्हात डावी धड पिवळी झाली. सगळी मुलं एका सुरात "उजवी" म्हणाली. एका मुलीनेच डावी सांगितलं, कारण तिला पिवळा रंग आवडायचा. काका तिच्याकडे किती आशेने वळले होते, आणि कारण ऐकून कसे परत फिरले, ते मला अजून दिसतं.

त्या दिवशी त्यांनी कौल मान्य केला. "माझंच चुकलं," म्हणाले. तेवढंच, पण स्पष्ट.

आता लॅकर मारायला शिकायचं. पेंटरकडून मारून घ्यायला ते तयार होईनात. शब्द आपला, तर मारणारा हातही आपलाच. पण सरावाला घेतलेला पहिला दिवा वाळला तर आत पांढरे ठिपके. दुसऱ्यात तेच. पेंटर हसून म्हणाला, "काका, तुमच्या शेडमध्ये हवाच रांगोळीची आहे." खरंच होतं. तीस वर्षांची पूड त्या पत्र्यांवर, फळ्यांवर, छताच्या पाइपांवर बसली होती. फवारा मारला की ती उठायची आणि ओल्या लॅकरमध्ये जाऊन बसायची.

तो दिवाळीचा आठवडा. गावात प्रत्येक घरी रांगोळीच्या गोण्या येत होत्या आणि काका आपल्या गोण्या बाहेर काढत होते. चाळण्या, धोतर, रंगांचे डबे, सगळं हातगाडीवर घालून मंडळाला देऊन आले. मग शेड पाण्याने धुतली. एकदा नव्हे, चार वेळा. मी बादल्या भरून देत होते. शेवटच्या वेळी त्यांनी भिंतीवरून बोट फिरवून दाताखाली धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "गेली." आवाज अगदी बारीक झाला होता. मी बादली उचलायच्या निमित्ताने बाहेर गेले.

तिसरा दिवा स्वच्छ निघाला. मग त्यांनी माझ्या गाडीचे दोन्ही दिवे काढले, घासले, लॅकर मारलं आणि वाळेपर्यंत शेडचं दार बंद करून बाहेर स्टुलावर राखण करत बसले. दिवाळी ते दिवाळी आता सुरू झाली होती.

म्हणजे त्या वर्षी चष्मा नव्हता. प्रदर्शन भरलं. मधोमध मास्तर, आठ फुटांचे, कपाळावरच्या तीन आठ्या, कानामागे खडू अडकवलेला, आणि चेहरा उघडा. दुसऱ्या कोणी चष्म्याला हात लावला नव्हता; ते काम काकांचं, हे ठरलेलं. पहिल्या दिवशी मास्तरांच्या पत्नी आल्या, काठी टेकत. बराच वेळ चित्रापुढे उभ्या राहिल्या. मग शेजारच्या बाईला हळूच म्हणाल्या, "चष्मा घरी विसरले वाटतं."

काका मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं, मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल, पूड मागेल आणि शपथ-बिपथ सगळं विसरेल. त्यांचे हात खरोखरच पुढे झाले, बोटं चिमटीत जुळली. मग त्यांनी ते हात खिशात घातले आणि शेडकडे चालू लागले. मी मागोमाग गेले आणि म्हटलं, अहो, एवढा कसला हट्ट, त्या म्हातारीचं तरी बघा.

"तिचंच बगतो," काका म्हणाले. "मास्तर कच्चं काम दिसलं की पाटी पुसायला लावायचे. मी बोललो ते कच्चं निघालं. आता त्याच हातानं त्यांना चष्मा घालू?"

पुढचं वर्षभर गाडी बघण्याचं वेड काकांइतकंच मलाही लागलं. त्यांनी सक्त ताकीद दिली होती, दिव्यांवर कापड टाकायचं नाही, गाडी सावलीत लावायची नाही, लाड करायचे नाहीत. मेमध्ये मी मुद्दाम गावाला गेले नाही. जूनमध्ये त्याच रस्त्यावर, तशाच काळ्या सकाळी, पाटीवाली बाई मला पन्नास पावलांवरून दिसली. मी गाडी हळू केली. तिने दिव्यांकडे बघून नुसता हात वर केला. मी ते शेडवर जाऊन सांगितलं, तर काका म्हणाले, "अजून चार महिने हायेत."

सुट्टी लागताच दिवाळीच्या तोंडावर ठाण्याला पासिंग झालं. साहेबांनी विचारलं, "दिवे नवीन टाकले?" मी म्हटलं, नाही. त्यांना खरं वाटलं नाही, त्यांनी वाकून पाहिलं. मी परत येताना वाटेत कुठेही न थांबता शेड गाठली. काकांनी पासिंगचा कागद पाहिलाही नाही. दिव्यासमोर उकिडवे बसले, बोटाच्या पेराने काच चाचपली, नखाने वाजवली, मान तिरकी करून उन्हात पाहिली. मग उठले आणि कोमट पाण्याने हात धुवायला गेले.

मंडळाने त्या वर्षी पुन्हा मास्तरच काढायला घेतले होते. काका हॉलमध्ये आले तेव्हा सगळे बाजूला सरकले. एकाने पुडीचा डबा पुढे केला. काकांनी चिमूट दातात धरली आणि म्हणाले, "कचकचते. परत चाळा." हॉलभर हसू पसरलं. चार तासांनी मास्तरांच्या नाकावर चष्मा होता. काळ्या चौकटीत ती जाड भिंगं, त्यामागे जरा मोठे दिसणारे डोळे, डाव्या भिंगात खिडकीचा उजेड. मी वाकून पाहिलं तरी मला ती पूड आहे हे पटेना.

मास्तरांच्या पत्नी आल्या. पाहत राहिल्या. काका भिंतीला टेकून उभे, शाळेतल्या पोरासारखे.

"चांगला काढलास रे," त्या म्हणाल्या. "पन यांची काच एवढी साफ कदी नसायची. खडूची बोटं लागलेली असायची."

काका पुन्हा खाली बसले. करड्या पुडीची अगदी कणभर चिमूट घेतली आणि उजव्या भिंगाच्या कोपऱ्यात सोडली. अंगठ्याचा पुसट डाग उमटला. म्हातारीने पदर तोंडाला लावला. वर्षभर एका स्वच्छ काचेसाठी जिवाचं रान केलेल्या माणसाने आपल्या हाताने काच मळवली होती, आणि त्या डागाने मास्तर हॉलमध्ये येऊन बसले होते.

काका गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेडच्या जागी बिल्डिंग आहे. मला त्यांची आठवण आली की त्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस आठवतो. रिवाज असा, की ज्याने काढलं त्यानेच झाडून टाकायचं. लोक पांगले होते, काका केरसुणी घेऊन मास्तरांपाशी आले. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, एवढं तरी ठेवा. आता तर तुम्हाला लॅकर मारता येतं."

त्यांची मान डावीकडे वळली. "गाडीची काच टिकाया पायजे, बाय. तिच्यामागं पोरं बसतात," ते म्हणाले. "मास्तरांचं काय, ते मला पाठ हायेत."

मग ते वाकले आणि केरसुणी त्यांनी आधी चष्म्यावरूनच फिरवली, श्वास मात्र तेव्हाही डावीकडे सोडून.